ओव्हलची कसोटी: थेट प्रक्षेपण आणि हायलाइट्स

भारत आणि इंग्लंड यांच्यातील अँडरसन-तेंडुलकर करंडक मालिकेतील पाचवी कसोटी ३१ जुलै ते ४ ऑगस्ट २०२५ या काळात लंडनच्या ओव्हल मैदानावर झाली आणि भारताने ती ६ धावांनी जिंकून मालिका २-२ अशी बरोबरीत सोडवली. हा सामना मी आधी थेट प्रक्षेपणात पाहिला आणि नंतर हायलाइट्समध्ये पुन्हा पाहिला. दोन्हींत सामना एकच असला तरी त्यातून कळणारे क्रिकेट इतके वेगळे आहे की दोन्हींचे परीक्षण एकत्र करणेच योग्य वाटते.

तिसऱ्या दिवसाच्या अखेरीस पडलेल्या झॅक क्रॉलीच्या विकेटपासून सुरुवात करतो. हायलाइट्समध्ये मोहम्मद सिराज धावत येतो, यॉर्कर पडतो, यष्ट्या उडतात आणि जल्लोष होतो. थेट प्रक्षेपण पाहणाऱ्याला त्याआधीची हालचालही दिसली होती. कर्णधार शुभमन गिलने एक क्षेत्ररक्षक डीप स्क्वेअर लेगला सीमारेषेवर पाठवला, म्हणजे आता आखूड चेंडू येणार असे फलंदाजाला वाटावे, आणि सिराजने टाकला तो थेट पायाशी. ही विकेट त्या क्षेत्ररक्षकाच्या चालत जाण्यातच सुरू झाली होती, आणि नेमके तेच संपादकाने कापले आहे. उडालेल्या यष्ट्या पाहून गोलंदाजाचे कौतुक वाटते, पण गोलंदाज आणि कर्णधार यांनी मिळून रचलेला डाव त्यातून समजत नाही.

चौथ्या दिवशीच्या संध्याकाळी हा फरक सर्वांत ठळक होतो. ३७४ धावांचा पाठलाग करताना हॅरी ब्रूकने १११ आणि जो रूटने १०५ धावा केल्या. दोघांनी १९५ धावांची भागीदारी करून सामना जवळजवळ इंग्लंडच्या खिशात घातला होता. इंग्लंडच्या ३०१ धावा झाल्या असताना ब्रूक बाद झाल्यानंतर सिराज आणि प्रसिध कृष्णा यांनी जो मारा केला, तो या मालिकेतील वेगवान गोलंदाजीचा माझ्या मते सर्वोत्तम तास होता. त्यात जेकब बेथेल आणि रूट हे दोन्ही बळी प्रसिधला मिळाले, सिराजची पाटी कोरीच राहिली. साहजिकच हायलाइट्समध्ये प्रसिध दिसतो आणि सिराज जवळजवळ नाहीसाच होतो. प्रत्यक्षात बॅटची कड हुकवणारे, पॅडवर आदळणारे आणि धाव काढू न देणारे सिराजचे चेंडूच समोरच्या टोकाकडून प्रसिधला बळी मिळवून देत होते. वेगवान गोलंदाज जोडीने शिकार करतात, असे आपण नेहमी म्हणतो. त्याचा अर्थ समजून घ्यायचा असेल तर त्या संध्याकाळची षटके सलग पाहावीत.

थेट प्रक्षेपणातील छायाचित्रणाला मी मनापासून दाद देतो. सिराजच्या हातून सुटणाऱ्या चेंडूची शिवण हवेत कशी थरथरते, हे संथगती चित्रणात इतके स्वच्छ दिसत होते की तो टप्पा पडल्यावर आत येईल की बाहेर जाईल याचा अंदाज फलंदाजाला का येत नाही, हे वेगळे सांगावे लागत नव्हते. ब्रूक १९ धावांवर असताना सिराजने सीमारेषेजवळ झेल घेतला आणि त्याचा पाय मागे दोरीला लागला. तो क्षण वेगवेगळ्या कोनांतून दाखवल्यामुळे ती चूक किती थोडक्यात घडली हे कळले. पायचीतच्या निर्णयांसाठीचे चेंडूचा मार्ग दाखवणारे तंत्र आता सरावाचे झाले आहे, त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

तक्रारी मात्र आहेत. षटक संपताच जाहिरात आणि पुढचा गोलंदाज धावायला लागल्यावर मैदानाचे चित्र, या क्रमामुळे क्षेत्ररचनेतील बदल पाहायला मिळत नाहीत, आणि कसोटीचा अर्धा विचार तर त्यातच असतो. विजयाची शक्यता टक्क्यांत सांगणारी पट्टीही मला निरुपयोगी वाटली. समोर चेंडू एवढा हलत असताना आकडा कशाला हवा? समालोचकांनीही आकडेवारी थोडी कमी करून चेंडूबद्दल थोडे अधिक बोलायला हवे होते.

पाचव्या दिवसाचा खेळ तासाभराचाच होता. इंग्लंडला ३५ धावा हव्या होत्या आणि हातात चार गडी होते. ८० षटके झाल्यावर नवा चेंडू मिळत असतानाही भारताने तो घेतला नाही. जुनाच चेंडू पुरेसा हलत असल्याने हा निर्णय अचूक ठरला, पण हायलाइट्समध्ये त्याची पुरेशी दखल नाही. नववा गडी बाद झाला तेव्हा १७ धावा बाकी होत्या आणि पहिल्या दिवशी खांदा निखळलेला ख्रिस वोक्स डावा हात स्वेटरच्या आत बांधून मैदानात उतरला. गस ॲटकिन्सनने मारलेला षटकार आकाश दीपच्या बोटांना लागून सीमापार गेला, हे हायलाइट्समध्ये आहेच. वोक्स मात्र एकही चेंडू खेळला नसल्याने तिथे त्याच्या वाट्याला एक-दोन दृश्ये आली आहेत. ॲटकिन्सनकडे स्ट्राइक राहावा म्हणून षटकाच्या शेवटच्या चेंडूवर दोघे बाय, म्हणजे चेंडू बॅटला न लागता, धाव घेतात, यष्टिरक्षक ध्रुव जुरेलचा नेम चुकतो, आणि धाव पूर्ण झाल्यावर वोक्सचा चेहरा वेदनेने पिळवटतो. थेट प्रक्षेपणातील कॅमेरा तिथे थांबला होता आणि तो थांबलाच पाहिजे होता. त्यानंतर सिराजच्या यॉर्करने ॲटकिन्सनचा त्रिफळा उडवला आणि इंग्लंडचा डाव ३६७ धावांवर संपला.

सामना ज्यांनी त्या वेळी पाहिला आहे, त्यांना उजळणीसाठी हायलाइट्स पुरेसे आहेत. ज्यांनी तो पाहिलेला नाही, त्यांनी पूर्ण चित्रण मिळाल्यास चौथ्या दिवसाच्या चहापानानंतरचा खेळ आणि पाचवी सकाळ, एवढे तरी एकही चेंडू न गाळता पाहावे. पहिल्या दोन दिवसांचे, म्हणजे २२४ आणि २४७ धावांच्या पहिल्या डावांचे, हायलाइट्स पाहिले तरी चालतील.