जाळीदार रस्ते की बंद गल्ल्या? ले-आउट आखण्याआधी

चार-पाच हेक्टर जागेवर प्लॉट पाडायचे असतील तर पहिल्या स्केचमध्येच हा निर्णय होऊन जातो. रस्ते एकमेकांना छेदत पुढे जाणार, म्हणजे जाळी, की मुख्य रस्त्यावरून आत शिरून संपणार, म्हणजे कल-डी-सॅक? सेटबॅक (हद्दीपासून बांधकामापर्यंत सोडायचं अंतर), प्लॉटची रुंदी, बागेची जागा नंतरही थोडीफार हलवता येते. रस्त्यांचा सांगाडा मात्र प्लॉट विकले गेले की कायमचा बसतो.

बंद गल्लीच्या बाजूने बरंच काही आहे, ते आधी मान्य करतो. बाहेरची वाहतूक आत येत नाही, त्यामुळे आवाज कमी आणि मुलांना रस्ता मोकळा. रस्त्याखाली जमीनही सहसा कमी जाते. चार रस्त्यांच्या साध्या चौकात वाहनांच्या मार्गांचे एकूण 32 टक्करबिंदू, म्हणजे दोन मार्ग जिथे छेदतात, मिळतात किंवा फुटतात त्या जागा, धरतात; टी जंक्शनवर 9; आणि गल्ल्यांच्या ले-आउटमध्ये जवळपास सगळे टीच असतात. तेव्हा सुरक्षिततेचा मुद्दा पोकळ नाही.

शिवाय मूळ कल्पना चांगलीच होती. न्यू जर्सीतल्या रॅडबर्नमध्ये 1929 साली क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट या नगररचनाकारांनी गल्ली फक्त गाड्यांसाठी ठेवली. घरांची दुसरी बाजू पायवाटेवर आणि सामाईक बागेवर उघडत होती. पुढे अनेक ठिकाणी गल्ली तेवढी उचलली आणि पायवाट गाळली. मग पाठीला पाठ लावून असलेल्या दोन घरांत सरळ अंतर 60 मीटर, पण रस्त्याने जायचं तर अर्धा किलोमीटर, असले ले-आउट तयार होतात.

माझ्या लेखी पारडं फिरतं ते मात्र गल्लीच्या टोकाच्या वळणवर्तुळापाशी. अग्निशमन बंब वळावा म्हणून किमान 9 मीटर त्रिज्या धरली तरी अडीचशे चौरस मीटरहून जास्त फरसबंदी होते, आणि ती सदासर्वकाळ रिकामी राहील असं गृहीत धरलेलं असतं. ती राहत नाही, आणि याचं कारण आखणीतच आहे. वर्तुळाभोवतीचे प्लॉट पाचरीसारखे असतात: मागे रुंद, पुढे जेमतेम सात-आठ मीटर. फाटक आणि गाडी आत घ्यायची उतरंड यांतच समोरचा बहुतेक कर्ब संपतो. पाहुण्यांची गाडी लावायला कडेला जागाच नसते, म्हणून ती वर्तुळात येते. कडेला एक गाडी उभी राहिली की त्या बाजूने दोन-अडीच मीटर गेले, आणि मोठं वाहन एका झटक्यात वळू शकत नाही. मग कचऱ्याची गाडी पूर्ण गल्ली रिव्हर्समध्ये येते किंवा जाते, तीही मुलांना मोकळा म्हणून दिलेल्या त्याच रस्त्यावर. वर्तुळाऐवजी हॅमरहेड, म्हणजे टी आकाराचं टोक, केला तर जागा वाचते, पण त्याचे दोन हात पार्किंगच्या खाचांसारखेच दिसतात. ते आणखी लवकर भरतात. 'नो पार्किंग'च्या पाटीने हे सुटलेलं मला तरी फारसं दिसलेलं नाही.

जमिनीखालीही बंद टोक त्रास देतं. जलवाहिनी तिथे संपते, पाणी साचून राहतं, क्लोरिन उतरतं, गाळ बसतो. वॉशआउट व्हॉल्व्ह बसवून वाहिनी अधूनमधून धुवावी लागते. गल्ली उताराकडे संपत असेल तर पावसाचं पाणी आणि मलवाहिनी दोन्ही टोकाशी येऊन अडतात, आणि वाट काढायला दोन प्लॉटच्या मधूनच जावं लागतं. जाळीत पाणी दोन्ही बाजूंनी मिळतं, दुरुस्तीला एक तुकडा बंद केला तरी बाकीचे नळ चालू राहतात.

जाळीचे दोष? मुख्य रस्ता तुंबला की आडवाटेने गाड्या घुसतात, हा खरा दोष. उतार 8-10 टक्क्यांच्या वर असेल तर कंटूरला (समान उंचीच्या रेषांना) न जुमानणारी जाळी तोड-भराव आणि रिटेनिंग वॉलचा खर्च वाढवते. दुसऱ्यावर उपाय असा की लांब रस्ते कंटूरच्या कलाने वळवायचे आणि त्यांना जोडणारे आखूड दुवे पायऱ्यांचे करायचे. पहिल्यावरचा उपाय त्याहून सोपा आहे: ठरावीक चौकांत बोलार्ड, म्हणजे गाडी अडवणारे आखूड खांब. पायी आणि सायकलने आरपार जाता येतं, गाडीला जाता येत नाही, आणि बंबासाठी खांब काढता येतो. बार्सेलोनात इंजिनिअर सेर्दाने 1859 साली आखलेल्या सुमारे 113 मीटरच्या ठोकळ्यांवर (रस्त्यांमधल्या चौकोनी तुकड्यांवर) आज सुपरब्लॉक, म्हणजे आतून गाड्यांची आरपार वाहतूक बंद केलेले ठोकळ्यांचे गट, बसवता येतात ते याच गुणामुळे. जाळी मागाहून बंद करता येते. बंद गल्ली मागाहून उघडता येत नाही, कारण टोकापलीकडे कोणाचं तरी घर उभं असतं.

म्हणून सपाट किंवा मध्यम उताराच्या जागेवर मी जाळीकडे झुकतो: 80 ते 120 मीटरचे ठोकळे, आणि जिथे जमेल तिथे चौक सरकवून टी केलेले. अरुंद डोंगरधार, नाल्याने कापलेला तुकडा, किंवा एकाच बाजूने प्रवेश असलेली जागा असेल तर बंद गल्लीशिवाय गत्यंतर नाही, हेही तितकंच खरं. तसं असेल तर गल्ली 100-150 मीटरांत संपवा, वर्तुळाच्या आधी पाहुण्यांसाठी चार-सहा गाड्यांची वेगळी खाच द्या, आणि टोकाला 3 मीटरची पट्टी पुढच्या रस्त्यापर्यंत न्या. पायवाट, जलवाहिनीची जोडणी आणि उतार साधत असेल तर मलवाहिनी, तिन्ही त्या एका पट्टीतून जातात. ही पट्टी मंजुरीच्या नकाशावर सार्वजनिक म्हणून दाखवा, शेजारच्या प्लॉटमधला हक्क म्हणून नको. नाहीतर पहिलं कुंपण पडतं तेव्हा ती आत जाते.