सुटा ॲक्टिव्हेटेड कार्बन: टँकमध्ये फिनेल, साबण, स्प्रे गेला तर कितपत कामाचा?

पुण्यातल्या ॲक्वेरियमच्या दुकानांत ॲक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे पाण्यातली द्रव्यं आपल्या छिद्रांत शोषून घेणारा खास प्रक्रिया केलेला कोळसा, दोन प्रकारे मिळतो: डबाबंद, आणि पोत्यातून सुटा, वजनावर. हा रिव्ह्यू सुट्याचा, आणि तोही एकाच कामापुरता: टँकच्या पाण्यात चुकून भलतंच काही गेलं तर. रोजच्या फिल्टरमध्ये कार्बन लागतोच असं नाही. काही आठवड्यांत त्याची छिद्रं भरतात आणि मग तो नुसती खडी म्हणून पडून राहतो. अपघाताच्या वेळी मात्र तो घरातच हवा. असले प्रकार लक्षात येतात तोवर दुकानांची शटर खाली गेलेली असतात.

आधी माल पारखून घ्या. करवंटीपासून केलेला, दोन-तीन मिलिमीटरचा, बोटांत न चुरडणारा दाणा चांगला. पाण्यात टाकला की तो चुरचुरतो, बारीक बुडबुडे सोडतो आणि तळाला बसतो. साधा लोणारी कोळसा वर तरंगत राहतो. याहून खात्रीची परीक्षा मिथिलीन ब्लूची. बुरशीवरचं हे निळं औषध मासे पाळणाऱ्यांकडे असतंच. पेलाभर पाण्यात एक थेंब टाका, त्यात धुतलेला चमचाभर कार्बन घाला आणि अधूनमधून ढवळा. काही तासांत निळा रंग स्पष्ट फिका पडला पाहिजे. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच निळंशार असेल तर तो कार्बन नव्हे, साधा कोळसा. शिवाय काही मालात राख जास्त असते आणि ती पाण्याचा पीएच वर नेते. खडकवासल्याचं नळाचं पाणी मऊ, त्यामुळे तिथे हा फरक लगेच पडतो. मूठभर कार्बन रात्रभर भिजवून आधीचा आणि नंतरचा पीएच मोजला की कळतं.

तो काय पकडतो? फिनेल, साबणातली फेस करणारी द्रव्यं, टर्पेंटाइन, माशांची औषधं, आणि डासांच्या स्प्रेमधली पायरेथ्रॉइड कीटकनाशकं. ही शेवटची सर्वांत घातक. आपल्या शरीरात ती चटकन मोडतात, माशांच्या शरीरात फार सावकाश. कोळंबी असेल तर ती आधी मरते; मासे झटके देत, गिरक्या घेत पोहायला लागतात. आणि काय पकडत नाही? अमोनिया आणि नायट्रेट. तांब्यावरही भिस्त ठेवू नका. टँकमध्ये तांब्याची वस्तू पडली तर ती काढून पाणी बदलणं हाच पहिला उपाय. उरलेल्यासाठी तांबं शोषणारं वेगळं रेझिन लागतं.

म्हणूनच कार्बनचा नंबर दुसरा. पहिला पाणी बदलण्याचा. दोन फुटी टँकमध्ये प्रत्यक्ष पाणी साधारण 50 लिटर असतं असं धरू. स्प्रे किंवा रंगकामाचा वास खोलीत असेल तर सर्वांत आधी एअर पंप बंद करा, कारण तो खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. घाईत हेच राहून जातं आणि मासे वाचवायला लावलेला पंपच विष आत ढकलत बसतो. खिडक्या उघडा, इंटरनल फिल्टर चालू ठेवा, पण त्याची हवेची नळी काढून टाका. पाण्यावर तेलकट तवंग असेल तर कोरा टिश्यू पेपर पसरून उचला. मग निम्मं पाणी सायफनने काढा आणि क्लोरीन काढून टाकलेलं, जवळपास त्याच तापमानाचं पाणी भरा. काही वेळाने पुन्हा निम्मं. दोनदा केल्यावर मूळ विषाचा पाव हिस्सा उरतो, तिसऱ्यांदा केल्यावर आठवा.

क्लोरीन काढायला हायपो (सोडियम थायोसल्फेट) पुरतो: 10 ग्रॅम खडे पाण्यात विरघळवून 100 मिलिलिटर द्रावण करा, आणि दर 10 लिटरला त्यातलं 1 मिलिलिटर. सोसायटीच्या टाकीत किंवा टँकरमध्ये टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडली असेल तर हे कमी पडू शकतं. तेव्हा ओटी टेस्टच्या, म्हणजे क्लोरीन दाखवणाऱ्या, थेंबांनी थोडं पाणी तपासा. पिवळा रंग आला तर हायपो वाढवा. तपासलेलं पाणी टँकमध्ये परत ओतू नका, ते थेंब स्वतःच विषारी असतात.

टँकचं पाणी महिनोन्महिने बदललेलं नसेल तर बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी एकदम ओतणं धोक्याचं. जुन्या पाण्याचा पीएच उतरलेला असतो आणि त्यात अमोनिया निरुपद्रवी रूपात साठलेला असतो. पीएच वर गेला की तोच विषारी होतो. अशा टँकमधलं पाणी थोडंथोडं बदला आणि अमोनियाची टेस्ट हाताशी ठेवा.

आता कार्बन. एरवी लिटरला 1 ग्रॅम पुरतो, अशा वेळी 2 ते 3, म्हणजे 50 लिटरला 100 ते 150 ग्रॅम. काळं पाणी निघायचं थांबेपर्यंत धुवा आणि नायलॉनच्या जाळीत भरा. टँकमध्ये नुसती लटकवलेली पिशवी जवळपास फुकट, पाणी तिच्यातून ढकललं गेलं पाहिजे. टॉप फिल्टरच्या ट्रेमध्ये फिल्टर वूलच्या खाली ठेवलात तर उत्तम. छोट्या इंटरनल फिल्टरच्या कपात मात्र हा सगळा माल मावत नाही, ही अडचण आहेच. 24 तासांनी पिशवी फेकून नवी घाला, ती दोन-तीन दिवस ठेवा. उकळून किंवा उन्हात वाळवून कार्बन पुन्हा तयार होत नाही, दुकानदार काहीही सांगो. या दिवसांत फिल्टरचा स्पंज धुऊ नका, त्यातले अमोनिया पचवणारे जिवाणू आधीच मार खाल्लेले असतात.

डबाबंदच्या तुलनेत सुटा स्वस्त, आणि एकदा वापरून फेकायचा म्हटल्यावर तो फरक जाणवतो. म्हणून आमचा कौल सुट्याला, पण उघड्या पोत्यातल्याला नाही. कार्बन हवेतले वासही शोषतो. धूप-अगरबत्तीशेजारी आठवडेच्या आठवडे उघडा राहिलेला माल अर्धा वापरलेलाच समजा. बंद पिशवीतला मागा, दोन फुटी टँकसाठी 300 ग्रॅम घ्या आणि घट्ट झाकणाच्या बरणीत भरून ठेवा. फक्त ती बरणी फिनेल आणि डांबरगोळ्या असलेल्या कपाटात नको.