‘दॅटल टीच यू’ आणि चार फुकट शब्दकोश

ऑनलाइन इंग्रजी शब्दकोशाची पारख अवघड शब्दांवर करू नये. अवघड शब्द सगळेच नीट देतात. खरा कस लागतो ‘टीच’सारख्या, सगळ्यांना येतो असं वाटणाऱ्या शब्दावर. ‘दॅटल टीच यू टू बी लेट’ (That’ll teach you to be late) हे वाक्य घ्या. शब्दाला शब्द लावला तर ‘हे तुला उशीर करायला शिकवेल’. बोलणाऱ्याच्या मनात असतं नेमकं उलटं: उशिरा आलास ना, बरी अद्दल घडली, आता पुन्हा करशील? भाषांतराची ॲप्स इथे बऱ्याचदा आपटतात, कारण वाक्यात नकार कुठेच नसतो. तो ऐकणाऱ्याने समजून घ्यायचा असतो.

ऑक्सफर्डचा लर्नर्स शब्दकोश या कामात सगळ्यात पुढे आहे. ‘टीच’ या क्रियापदाखाली शाळेतल्या शिकवण्याचे अर्थ आधी येतात. आपला अर्थ खाली आहे, त्यामुळे पहिल्या दोन ओळी वाचून पान बंद करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. त्या अर्थापुढे दोन खुणा आहेत: अनौपचारिक, आणि कर्मणी रूप होत नाही. दुसरी खूण लाखमोलाची. ‘आय वॉज टॉट टू बी लेट’ असं फिरवलं की अद्दल गायब होते आणि कुणीतरी खरोखर उशीर करायचं शिक्षण दिल्यासारखं वाटतं. ‘आयल टीच यू टू...’ ही धमकीही याच अर्थात घेतली आहे. आपल्याकडच्या ‘थांब, दाखवतोच तुला’ची ती बहीण. व्याकरणाच्या खुणांवरचा हा भर जुनाच आहे. इंग्रजीचे शिक्षक ए. एस. हॉर्नबी यांचा मूळ कोश 1942 मध्ये टोकियोत निघाला तोच इंग्रजी परकी असणाऱ्यांसाठी. ऑक्सफर्डने तो 1948 मध्ये प्रकाशित केला.

लाँगमनची बाजू वेगळी. 1978 पासून हा कोश व्याख्यांसाठी सुमारे 2000 सोपे शब्दच वापरत आला आहे, त्यामुळे व्याख्या समजून घ्यायला दुसरी व्याख्या शोधावी लागत नाही. या वाक्प्रचाराला तिथे ‘बोलण्यातला’ अशी खूण आहे, आणि ती ‘अनौपचारिक’पेक्षा जास्त उपयोगी. अनौपचारिक शब्द मित्राला लिहिलेल्या मेलमध्ये चालतो. हे वाक्य मात्र तोंडानेच शोभतं. शिवाय लाँगमनच्या ऑनलाइन आवृत्तीत बऱ्याच उदाहरणांची पूर्ण वाक्यं ऐकता येतात. बाकीच्यांकडे बहुतेक ठिकाणी सुट्या शब्दाचाच उच्चार मिळतो आणि ‘दॅटल’मधला तो गिळलेला ‘ल’ कानावर पडतच नाही. ‘दॅट विल’ असं तोडून म्हटलं की टोमण्याचा सूर जाऊन ते वाक्य उपदेशासारखं लागतं.

केंब्रिज बरा आहे, एवढंच. अर्थ साफ कळतो, पण रचनेबद्दल ऑक्सफर्डइतकं मिळत नाही.

मेरियम-वेब्स्टरचा मोठा कोश मात्र शिकणाऱ्याने पहिल्यांदा उघडू नये. कृत्याचे अप्रिय परिणाम कळायला लावणं, अशा थाटाची व्याख्या आहे. चूक काहीच नाही, पण ती इंग्रजी घरात बोलणाऱ्यासाठी लिहिलेली. त्यांचाच वेगळा लर्नर्स कोश होता, तो आता ‘ब्रिटानिका डिक्शनरी’ या नावाने ऑनलाइन मिळतो, तो वापरावा.

आता या कोशांच्या उणिवा. ‘टू’नंतर नेमकं काय येतं, हा गोंधळ व्याख्या वाचून सुटत नाही. तिथे चुकीची गोष्ट येऊ शकते (उशीर करणं) आणि बरोबर गोष्टही: ‘दॅटल टीच यू टू लॉक द डोअर’ म्हणजे आता तरी दाराला कुलूप लावशील. दोन्ही वाक्यांची रचना एकच, अर्थाची दिशा उलटी. ‘नॉट टू बी लेट’ असंही लोक म्हणतात आणि अर्थ ‘टू बी लेट’चाच राहतो! ओळखायची युक्ती एकच: जे घडलं ते कशामुळे घडलं हे पाहायचं. ‘टू’नंतरची गोष्ट केल्यामुळे फटका बसला असेल, तर नकार मनात धरायचा, न केल्यामुळे बसला असेल, तर वाक्य सरळ वाचायचं.

दुसरी उणीव नात्याची. हे वाक्य वरिष्ठाला म्हणायचं नाही, आणि ज्याचं खरंच मोठं नुकसान झालंय त्यालाही नाही. तिथे ते ‘बरी जिरली’सारखं झोंबतं. ‘सर्व्ह्ज यू राइट’शी त्याची गल्लत होते, तीही टाळावी. ‘सर्व्ह्ज यू राइट’मध्ये फक्त ‘हेच व्हायला हवं होतं’ इतकंच असतं, पुढच्या वेळेचा विचार नसतो.

सगळ्यात सुरक्षित वापर स्वतःवरचा. ‘दॅटल टीच मी टू ट्रस्ट द फोरकास्ट’: हवामानाच्या अंदाजावर विसंबलो, भिजलो, घ्या. कधी चांगुलपणाच अंगाशी येतो तेव्हा ‘दॅटल टीच मी टू बी नाइस’ असंही म्हणतात, आणि इथे पुन्हा चांगलं वागायचं नाही असा निश्चय मुळीच नसतो, नुसता वैताग असतो. जरब बसवणं, पुन्हा तसं न करायला लावणं या ऑक्सफर्डच्या व्याख्येत हा उपहास बसत नाही.

शोधताना पूर्ण वाक्य टाकू नका. ऑक्सफर्डमध्ये नुसतं ‘टीच’ टाकून क्रियापदाच्या शेवटच्या अर्थांपर्यंत खाली जा, मग लाँगमनमध्ये तेच उघडून उदाहरण कानाने ऐका. दोन्हींमध्ये मिळून पाच मिनिटांचं काम आहे.