घरी केलेलं ब्रेकचं काम: पावसाळा काढल्यावरचा अनुभव

गाडी 2014 ची पेट्रोल हॅचबॅक. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. राहायला कोल्हापूर, सासरवाडी रत्नागिरी, त्यामुळे आंबा घाट काही चुकत नाही. मे महिन्यात पुढचे पॅड आणि ब्रेक ऑइल घरच्या पार्किंगमध्येच बदललं. आता दिवाळी होऊन गेली. कुठला खर्च कामी आला आणि कुठला पाण्यात गेला, ते आता सांगता येईल.

तक्रार अशी होती: घाट उतरून साखरप्याला चहासाठी थांबलं की पुढच्या डाव्या चाकापाशी जळका वास. ब्रेक दाबला की स्टिअरिंग किंचित डावीकडे ओढ घ्यायचं. पेडल मात्र घट्ट, थरथर अजिबात नाही. एका गॅरेजमध्ये दाखवली तर गाडीखाली न वाकताच "डिस्क, कॅलिपर, पॅड, सगळा सेट टाकू" म्हणाले. (कॅलिपर म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारी पकड.) पेडल थरथरत नसताना डिस्क का बदलायची, याचं उत्तर मिळालं नाही. मग ठरवलं, आपणच उघडून बघू.

उघडण्याआधी एक सोपी तपासणी केली. सपाट रस्त्यावर, शक्यतो ब्रेक न लावता थोडी गाडी चालवायची आणि उतरून दोन्ही पुढच्या डिस्कचं तापमान मोजायचं. त्यासाठी इन्फ्रारेड गन घेतली. (कोरोनाच्या वेळची कपाळावर धरायची गन इथे चालत नाही, ती तापापुरतीच मोजते.) उजवी डिस्क कोमट, डावीला मात्र हात लावायची सोय नाही. म्हणजे डावा ब्रेक सुटतच नव्हता. सगळ्या साधनांत पैसे वसूल झाले ते या गनचे. अजूनही घाट उतरल्यावर दोन्ही बाजूंना धरतो, आकडे जवळजवळ सारखे येतात.

चाक काढल्यावर पॅड बघा, आणि दोन्ही बघा. बाहेरचा पॅड चाकाच्या फटीतूनही दिसतो, त्यावर समाधान मानू नका. माझा बाहेरचा निम्म्याहून जास्त शिल्लक होता, आतला 2 मिमीवर आलेला. अशी विषम झीज दिसली की संशय घ्यायचा तो स्लाइड पिनांवर. या प्रकारच्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड दाबतो आणि मग अख्खा कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिन अडकली की कॅलिपर सरकत नाही, आणि आतला पॅड एकटाच झिजत राहतो. माझी खालची पिन हाताने हलेना. पान्याने पिरगाळून बाहेर काढली तर टोकाला लाल गंज आणि काळं, डांबरासारखं घट्ट झालेलं ग्रीस. रबरी टोपी फाटली होती, कोकणातल्या पावसाने बाकीचं काम केलं.

औषध एवढंच: पिन बारीक पॉलिश पेपरने साफ, नव्या रबरी टोप्या, आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस. चेसिसचं ग्रीस इथे लावू नका, त्याने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. टोप्यांचा किट कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिळाला, पॅडच्या मानाने किरकोळ पैशात. खरी दुरुस्ती ही होती. पॅड नुसते बदलले असते तर नवा आतला पॅडही तसाच गेला असता.

पॅड सिरॅमिक घेतले. रिमवर काळी धूळ खूप कमी बसते, आवाज नाही. सकाळी पहिल्या एक-दोन ब्रेकला पकड जरा उशिरा येते, मला चालतं. पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो आणि पहिल्यांदा खरखर होते, ते कुठल्याही पॅडला होणारच. बसवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबायला विसरू नका, पहिल्या दाबाला ते थेट तळाला जातं.

ब्रेक ऑइल डॉट 4 या दर्जाचं. ते हवेतला ओलावा शोषतं: नवं ऑइल किमान 230 अंशांना उकळतं, ओलावा मुरल्यावर ही मर्यादा 155 पर्यंत खाली येते. लांब उतारावर नेमकी तिथेच गडबड होते. ऑइल बदलताना आत गेलेली हवा पेडल दाबून निपलमधून (कॅलिपरवरच्या छोट्या स्क्रूमधून) काढायची असते, त्यासाठी भाच्याला सीटवर बसवला होता.

"मामा, सोडू का?"

"नको रे! मी निपल बंद केल्याशिवाय पाय काढायचा नाही."

कामाचं सगळं मर्म या एका वाक्यात आहे. निपल उघडा असताना पाय सुटला की हवा परत आत. टाकीतलं ऑइलही मधेमधे भरत राहा, तळ दिसला की पुन्हा पहिल्यापासून सुरू. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी मारा, नाहीतर ऑइलने रंग निघून येतो. एबीएसवाल्यांनी हे काम घरी करण्याआधी विचार करावा, मॉड्युलेटरमध्ये (एबीएसच्या व्हॉल्व्हच्या युनिटमध्ये) हवा गेली तर ती काढायला बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लागतो.

फुकट गेलेली वस्तू म्हणजे ऑइल तपासायचं दिवेवालं पेन. नव्याकोऱ्या ऑइललाही एकदा पिवळा दिवा, एकदा हिरवा. त्यापेक्षा दोन वर्षांनी ऑइल सरळ बदलून टाकावं. सर्वात आधी मात्र जॅक स्टँड घ्या. गाडीसोबतचा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता, त्याच्या भरवशावर खाली डोकं घालायचं नाही. स्टँड असूनही काढलेलं चाक मी दारांखालच्या पट्टीखाली आडवं सरकवून ठेवतो.

मागचे ड्रम मी उघडले नाहीत, उघडणारही नाही. त्या स्प्रिंगा आणि ॲडजस्टर मिस्त्रीच्या हाताला सवयीचे असतात, आणि तो मजुरीही फार घेत नाही. जुलैत रत्नागिरीला हँडब्रेक ओढून दोन दिवस गाडी उभी राहिली तेव्हा लायनर (ड्रमला आतून घासणारं अस्तर) ड्रमला चिकटले, पुढे-मागे हलकेच हिसका दिल्यावर सुटले. आता तिथे गाडी गिअरमध्ये लावतो, चाकाला जांभा दगड, हँडब्रेक खाली.

परवा टायरची जागा अदलाबदल करताना पॅड पुन्हा मोजले. डावीकडे आतला-बाहेरचा सारखाच झिजलाय, पिना बोटाने सरकतात. उजवीकडची वरची टोपी मात्र तडकायला लागली आहे, किटमधली एक उरलीय ती या रविवारी बसवतो.