पद्मिनीला बाहेरून लावलेला इलेक्ट्रिक फ्युएल पंप: हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा वापरून झाल्यावर

गाडी १९८४ ची प्रीमिअर पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, सोलेक्स कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग), बाबांच्या काळापासून घरात. दिवाळी झाली आणि इंजिनाच्या ब्लॉकवरचा मूळ मेकॅनिकल पंप काढून टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवला. तेव्हापासून गाडी नियमित चालते आहे: साताऱ्यात रोजची कामं आणि जमेल तेव्हा वाई, पाचगणी, महाबळेश्वर. पंपावर मी खूश आहे. पण हे समाधान पंपाच्या कंपनीमुळे कमी आणि तो कुठे, कसा, किती प्रेशरचा बसवला यामुळे जास्त आहे, म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

आधी कारण. एप्रिल-मेमध्ये वाईहून पाचगणीला जाताना पसरणीचा घाट चढताना अर्ध्यावर गाडी गचके देऊ लागायची आणि मग बंद. बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं टाकायचं, थांबायचं. जुनी फियाट (पद्मिनी मुळात फियाटच) ज्यांनी चालवली आहे त्यांना हे फडकं सांगायला नको. मेकॅनिकल पंप पेट्रोल मागून ओढून घेतो. त्यामुळे टाकीपासून इंजिनापर्यंतच्या लांब नळीत दाब हवेपेक्षाही कमी होतो, आणि दाब कमी झाला की पेट्रोल कमी तापमानालाच उकळतं. त्यात पंप तापलेल्या ब्लॉकला चिकटलेला. नळीत वाफ झाली की पंपाचा डायफ्राम, म्हणजे पेट्रोल ढकलणारा रबरी पडदा, नुसता वाफेवर हलत राहतो, पेट्रोल पुढे सरकत नाही. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटरवर आहे. वर जावं तशी हवेचा दाब कमी होऊन त्रास वाढतोच.

दुसरं कारण डायफ्रामचं. आता पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या पद्धतीच्या रबराला ते मानवत नाही, रबर फुगतं किंवा कडक पडतं. बाजारात मिळणाऱ्या रिपेअर किटमधला डायफ्राम कुठल्या मालाचा आहे हे दुकानदारालाही सांगता येत नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेली. त्या टॅक्सींच्या जिवावर चालणारा सुट्या भागांचा बाजार आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. आणि डायफ्राम फाटला तर फक्त गाडी बंद पडते असं नाही, पेट्रोल थेट चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल असतं तिथे) उतरून इंजिन ऑइल पातळ होतं. म्हणूनच जुना पंप जागेवर ठेवून त्याच्या आधी इलेक्ट्रिक पंप जोडायचा जो जुगाड काही जण सुचवतात, तो मला अजिबात मान्य नाही. डायफ्राम फाटलेला असेल तर इलेक्ट्रिक पंप तुमच्या चेंबरमध्ये जोर लावून पेट्रोल भरत बसेल. जुना पंप काढा, उरलेल्या तोंडावर गॅस्केट घालून प्लेट लावा. आमच्या मिस्त्रींनी जाड अॅल्युमिनियमची प्लेट लेथवर सपाट करून घेतली, ऑइलचा टिपूसही बाहेर नाही.

मात्र पंपाला हात लावण्याआधी टाकी बघा. आम्ही टाकी उतरवली तर तळाशी गंजाचा चिखल होता आणि आतल्या नळीची जाळी निम्मी बुजलेली. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल तरी लक्षणं अगदी पंप गेल्यासारखीच दिसतात. इथेनॉलमुळे वर्षानुवर्षांचा साठलेला थर सुटून नळीत येतो, म्हणून टाकी साफ न करता नवा पंप बसवणं म्हणजे त्याचं आयुष्य पहिल्याच महिन्यात कमी करणं.

पंप निवडताना दुकानदार आधी लिटर सांगतो, ‘तासाला शंभर लिटर फेकतो’ वगैरे. ते विसरा. चाळीसेक हॉर्सपॉवरच्या इंजिनाला पूर्ण अॅक्सिलरेटरवरही तासाला साधारण १२ ते १३ लिटर पेट्रोल पुरतं. कुठलाही छोटा पंप ते देतो. बघायचं ते प्रेशर. सोलेक्ससारख्या कार्ब्युरेटरला अडीच-तीन पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं माप) आसपास दाब हवा. त्याहून फार जास्त झाला तर फ्लोट (आतला तरंगता भाग) कितीही वर आला तरी निडल, म्हणजे पेट्रोलची वाट बंद करणारी सुई, पेट्रोल अडवू शकत नाही आणि कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतो. इंजेक्शनच्या गाडीचा पंप चाळीस-पन्नास पीएसआयचा असतो, तो इथे विचारातही घेऊ नका.

मी फॅसेटचा चौकोनी सॉलिड-स्टेट पंप घेतला, दीड ते चार पीएसआयवाला. आत कॉईल आणि पुढेमागे होणारा प्लंजर, मॉरिस मायनरच्या जुन्या एसयू पंपासारखे झिजणारे पॉइंट नाहीत. त्याआधी ऑनलाइन मिळणारा, हुबेहूब त्याच आकाराचा एक बिननावाचा पंप बाकावर लावून बघितला होता. खोक्यावर चार पीएसआय छापलेलं, गेजचा काटा मात्र सहाच्या पुढे. तो परत पाठवला. तुम्ही कुठलाही पंप घ्या, गाडीला लावण्याआधी साध्या लो-प्रेशर गेजवर तपासा. रेग्युलेटर लावून जास्त दाबाचा पंप वापरता येतो, पण स्वस्तातले डायलवाले रेग्युलेटर आज तीन तर उद्या पाच दाखवतात. मुळातच योग्य दाबाचा पंप घेतला की तो एक सांधा आणि गळतीची एक जागा कमी होते.

आता बसवणं. हे पंप ढकलायला चांगले, ओढायला कमजोर. म्हणून जागा टाकीशेजारी, जमेल तितकी खाली, टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा त्याहूनही खाली. इंजिनच्या खोलीत बसवला तर वाफेचा त्रास जिथल्या तिथे राहतो, वर नव्या वायरिंगची भर. आमचा पंप मागच्या बाजूला, सायलेन्सरच्या विरुद्ध अंगाला, बॉडीला आधीपासून असलेल्या भोकांवर पट्टी लावून बसवलाय. नवीन भोक पाडलं नाही, वेल्डिंगचा तर प्रश्नच नाही, पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी नको. पंप थोडा तिरका, बाहेर जाणारं तोंड वर, म्हणजे आतला हवेचा बुडबुडा आपोआप निघून जातो. पंपाच्या आधी जाड जाळीचा फिल्टर, कार्ब्युरेटरच्या आधी बारीक कागदी फिल्टर. उलट केलंत, म्हणजे बारीक फिल्टर पंपाच्या आधी लावला, तर पंपाला ओढताना दम लागतो. पंपाखाली रबरी बुश आहेत आणि दगड लागू नयेत म्हणून पुढे एक छोटा पत्रा आहे. बुश घातल्यावर बॉडीचं अर्थिंग तुटतं, तेव्हा अर्थिंगची वायर वेगळी ओढायलाच लागते.

होज पाइप इथेनॉल सहन करणारा घ्या. पाइपवर एसएई ३० आर ९ हा दर्जा छापलेला असतो, आतला थर फ्लोरोइलास्टोमरचा (इथेनॉलला टिकणारं रबर). साध्या काळ्या पाइपचे मीटरभराचे पैसे वाचतात, पण गरम इंजिनावर पेट्रोल टपकलं तर घरची गाडी डोळ्यांदेखत जळते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पंप बंद कसा होणार? मेकॅनिकल पंप इंजिनावर फिरतो, इंजिन थांबलं की तोही थांबतो. इलेक्ट्रिक पंपाला हे कळत नाही. नुसता इग्निशनला जोडलात आणि अपघातात पाइप तुटला, तर चावी चालू असेपर्यंत तो रस्त्यावर पेट्रोल ओतत राहील. माझ्याकडे दोन अटकाव आहेत. पहिला, इग्निशन कॉईलचे स्पार्क ओळखणारा रिले (आपोआप चालू-बंद होणारा स्विच): चावी फिरवली की पंप दोन-तीन सेकंद चालतो, पुढे इंजिन फिरत असेल तरच. दुसरा इनर्शिया स्विच, धक्का बसला की सर्किट तोडणारा. तो मला भंगारातल्या फियाट पालिओचा मिळाला, पद्मिनीला तिच्याच घराण्यातला. डॅशबोर्डखाली घट्ट पट्टीवर सरळ उभा बसवलाय आणि हाताने ठोसा देऊन सुटतो का ते बघितलंय. वायर दीड स्क्वेअर एमएमची, फ्यूज पाच अँपिअरचा, बॅटरीच्या जवळ. एखादा मिस्त्री ‘एवढं काही लागत नाही’ म्हणाला, तर त्याच्याकडून हे काम करून घेऊ नका.

इतक्या महिन्यांत काय दिसलं? सगळ्यात आधी सकाळची सुरुवात सुधारली. गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली की फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उडून जातं आणि पूर्वी बॅटरी दमेपर्यंत सेल्फ मारावा लागायचा. आता चावी फिरवायची, मागून टकटकटक असा भरभर आवाज येतो, चेंबर भरत आलं की टकटक मंदावते, मग सेल्फ. हा आवाजच आता माझा मीटर आहे. टकटक मंदावत नसेल तर कुठेतरी एअर घेतेय, नाहीतर टाकी संपलीय. उन्हाळ्यात पाइपची एक क्लिप सैल झाली होती, ती मला आवाजावरूनच समजली.

मे महिन्यात, भर दुपारी, चौघं बसून पसरणी चढलो. गाडीने एक गचका दिला नाही. फडकं डिकीत तसंच पडून आहे.

पण सगळाच प्रश्न सुटला असं नाही. वर पोहोचल्यावर गरम गाडी पंधरा-वीस मिनिटं उभी केली, तर पुन्हा चालू होताना अजूनही थोडी कुरकुरते. ते नळीतलं नाही, कार्ब्युरेटरच्या चेंबरमधलंच पेट्रोल इंजिनाच्या उष्णतेने उकळतं. त्यावर पंपाचा काही उपाय चालत नाही, कार्ब्युरेटरखाली उष्णता अडवणारा जाड स्पेसर लागतो. तो करून घ्यायचा आहे. मायलेजमध्ये काही फरक पडलेला नाही, आणि कोणी पडतो म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

सिग्नलला उभं असताना टकटक ऐकू येते. मला त्रास नाही, आईला अजून आवडत नाही. पावसाळ्यात पंपाच्या कनेक्टरला हिरवा गंज धरू लागला, तेव्हा तो साफ करून ग्रीस भरलं आणि वर रबरी टोपी चढवली. कोकणात किंवा गोव्यात गाडी असेल तर हे पहिल्या दिवशीच करा.

तुमचा मूळ पंप धडधाकट असेल, घाट चढायचा नसेल आणि डायफ्राम नव्या मालाचा मिळत असेल, तर उगाच बदलू नका. मूळ पंपाची एक मोठी गोष्ट म्हणजे तो हळूहळू खराब होतो, सूचना देतो. इलेक्ट्रिक पंप जाताना एका क्षणात जातो. म्हणून लांबच्या प्रवासात एक जादा पंप, दोन क्लिपा आणि दहा नंबरचा पाना मी सोबत ठेवतो. खर्चाचा अंदाज करताना फक्त पंपाची किंमत धरू नका, होज, फिल्टर, रिले, स्विच मिळून जवळपास तेवढेच पैसे पुन्हा लागतात. जुना पंप पुसून, ऑइल लावून डब्यात ठेवलाय, चांगलं किट हाती लागलं की तो पुन्हा भरून घेणार आहे.