कॅसेटवरचा आवाज साफ करू नका म्हणावं

जुन्या कॅसेटची फाइल करून देणाऱ्या एका सेवेचा अनुभव. नाव लिहीत नाही. पाचपैकी साडेतीन.

साठ मिनिटांची एकच कॅसेट दिली होती. त्यात मी नऊ वर्षांची, कविता म्हणतेय. तिसऱ्या कडव्यात अडखळते आणि बाबा ओरडतात, असं मला पक्कं आठवत होतं. ताई म्हणायची, "बाबा कुठले ओरडतायत!"

पहिली फाइल आली ती चकाचक. पंख्याची घरघर गायब, खुर्चीची करकर गायब, आणि बाबांचं खाकरणंही! बोलण्याआधी घसा खाकरायची त्यांची सवय. जिन्यात ते ऐकू आलं की आम्ही दोघी पुस्तकं उघडायचो. फोन केला. "मॅडम, लोकांना क्लीन लागतं." म्हटलं, मला मळकंच द्या. चार दिवसांत मूळ वेव्ह फाइल आली, वर एक पैसा मागितला नाही. इथे पूर्ण गुण.

वर्षानुवर्षं गुंडाळून राहिलेल्या फितीचा एक वेढा शेजारच्या वेढ्यावर पुसटसा उमटतो. त्यामुळे बाबांचं "अगं" दोनदा ऐकू येतं, आधी कुठून तरी लांबून, मग खरं. हे 'साफ' फाइलमध्ये नव्हतंच.

आणि तिसरं कडवं. बाबा खाकरतात, पुढची ओळ हळूच सांगतात. ओरडतेय ती मी. "मला नका ना सांगू!" मग बाबा खो खो हसतात. आठवलेली भीती काही काळ पुन्हा कच्ची होते, बदलूही शकते, हे मेंदूवर संशोधन करणाऱ्या करीम नादेर यांनी २००० साली उंदरांवर दाखवलं म्हणे. मी तर तीस वर्षं ती कच्चीच वळत बसले होते. ताईला फोनवर ऐकवलं. ती हसली, मला मात्र बोलवेना.

बाबांनी कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मोडून ठेवले होते, वरून कुणी काही रेकॉर्ड करू नये म्हणून. डबीतल्या कागदावर त्यांच्या अक्षरात 'कविता. पुसू नये.'

कॅसेट परत आली ती नव्या कोऱ्या डबीत, छापील लेबल लावून. जुनी डबी?

"तडा गेला होता मॅडम, टाकून दिली."

दीड गुण त्याचा कापला.