पाय कापल्यानंतर न थांबणारी वेदना: एका वेदना-उपचार केंद्राविषयी अभिप्राय

माझ्या मोठ्या भावाचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, जखम भरून आली, पण वेदना मात्र गेली नाही. त्याच्यासोबत ज्या वेदना-उपचार केंद्रात मी जात राहिलो, तिथला मला सर्वांत मोलाचा वाटलेला गुण म्हणजे गोळ्या लिहिण्याआधी निदानाला दिलेला वेळ.

नसलेल्या पावलात होणारी जळजळ, म्हणजे फँटम पेन, आणि उरलेल्या भागातले, म्हणजे स्टंपमधले दुखणे एकाच रुग्णात असू शकते. उपचार मात्र वेगळे असतात. म्हणून डॉक्टरांनी आधी कृत्रिम पायाचा स्टंपवर बसणारा भाग, म्हणजे सॉकेट, कुठे घासतो, संसर्ग आहे का, हाडाचे टोक टोचते का, रक्तपुरवठा कसा आहे आणि कमरेत नस दबली आहे का, हे पाहिले. मग स्टंपवर बोटाने हलकेच ठोकत गेल्यावर एका जागी विजेसारखी कळ उठली आणि ती थेट नसलेल्या अंगठ्यात गेली. कापलेल्या नसेच्या टोकाशी तंतू वेडेवाकडे वाढून झालेली गाठ, न्यूरोमा, सोनोग्राफीत दिसली. मात्र दिसणारी प्रत्येक गाठ दुखतेच असे नाही, म्हणून तिच्याजवळ भुलीचे औषध टोचून कळ किती कमी होते हेही त्यांनी तपासले. ही पायरी गाळणाऱ्या ठिकाणी शस्त्रक्रियेला होकार देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रेगाबालिन हे नसांच्या वेदनेवरचे औषध कमी मात्रेपासून हळूहळू वाढवले. चक्कर आणि झोपाळूपणा येऊ शकतो, हे आधीच सांगितले. न्यूरोमा नुसता कापला तर पुन्हा होऊ शकतो आणि म्हणून नसेचे टोक जवळच्या स्नायूला हालचालीचा संदेश देणाऱ्या (चालक) नसेला जोडण्याची शस्त्रक्रियाही केली जाते, हे त्यांनी चित्र काढून समजावले आणि निर्णयाची घाई केली नाही.

उणीव आहे ती फिजिओथेरपीत. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी 1990 च्या दशकात पुढे आणलेला आरशाचा उपचार रोज, चिकाटीने करावा लागतो, परंतु तो इथे घाईघाईने दाखवून रुग्णाला घरी पाठवतात. चांगल्या पायाच्या प्रतिबिंबाकडे पाहत कोणत्या हालचाली, किती सावकाश करायच्या, हे लिहून दिलेला एक कागदही हाती मिळत नाही. शिवाय सॉकेट बनवणारा तंत्रज्ञ केंद्राबाहेरचा असल्याने दुखरी जागा त्याला आम्हालाच समजावून सांगावी लागली. डॉक्टरांनी ती जागा स्टंपवर पेनाने खूण करून दिली, तर सॉकेटमध्ये तिथला दाब कमी करणे त्याला सोपे जाईल.